विश्रामबागवाडा कोणाचा? : मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू शेवटी सहज म्हणून जो प्रश्न विचारला आहेस तो मला सहज सोडून देता येईना. तू लिहितोस, की पळपुट्या बाजीरावाने स्वतःच्या चैनीसाठी उभारलेल्या विश्रामबागवाड्यावर लोकांचा पैसा का खर्च व्हावा, आणि माझ्यासारख्याने त्या वाड्यासाठी इतका जीव का टाकावा. प्रश्न थोडा बोचला, हे कबूल करतो. पण तो बाजूला सारण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

आधी एक आठवण सांगतो, म्हणजे माझे म्हणणे कुठून येते ते तुला कळेल. मी सहा-सात वर्षांचा असताना वडील मला घरपट्टी भरायला बरोबर घेऊन जात. बाजीराव रस्त्यावरून तुळशीबागेच्या अंगाने आम्ही चालत जायचो आणि त्या वाड्यात शिरायचो. आमच्या घरात त्या वास्तूला कोणी विश्रामबागवाडा म्हणत नसे. ती ‘म्युनिसिपालटी’ होती. वडील रांगेत उभे राहिले, की मी वरच्या दिवाणखान्यातल्या एका खांबाशी जाऊन उभा राहायचो. खांब सुरूच्या झाडासारखा, खाली भरदार आणि वर निमुळता होत गेलेला. बुंध्याशी लाकडातच कोरलेल्या पानांचा वेढा होता, आणि त्यातले एक पान माझ्या हाताच्या उंचीवर येई. त्या पानाची शीर इतकी स्वच्छ कोरलेली होती, की डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवले तरी ती शेवटपर्यंत सापडे. पानाच्या कडा मात्र झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. माझ्याआधी कितीतरी जणांनी तिथे हात ठेवला असला पाहिजे. हा वाडा एका पेशव्याचा होता, हे मला पुढे शाळेत इतिहास शिकताना कळले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला थोडे परके वाटले.

आता या दुसऱ्या बाजीरावाविषयी. तो पळपुटा होता की नाही, या वादात मी शिरत नाही. त्याच्या कारभाराची तरफदारी मला करायची नाही. पण वाडा बांधला गेला त्या वेळची परिस्थिती लक्षात घे. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर बाजीराव पुण्यातून निघून गेला, त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला, आणि 1803 च्या मे महिन्यात तो इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने पुन्हा गादीवर बसला. म्हणजे मसनद परत मिळाली, पण सत्ता गहाण पडूनच. शनिवारवाड्यात 1773 साली नारायणरावांचा खून झाला होता आणि 1795 मध्ये सवाई माधवरावांचा अंतही तिथेच झाला. पहिल्या घटनेशी बाजीरावाच्या वडिलांचे, रघुनाथरावांचे नाव कायमचे जोडले गेले होते. त्या वाड्यात त्याचे मन रमत नसे, असे जुन्या पुण्यात सांगत आले आहेत आणि ते मला पटते. त्याने शहरात शुक्रवारवाडा आणि बुधवारवाडा बांधला, आणि 1807 च्या सुमारास विश्रामबागवाडा पुरा झाला. या वास्तूच्या बांधणीत तटबंदी, बुरूज किंवा नगारखाना यांचा बडेजाव नाही. लढाईची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवलेल्या राजाचे हे घर आहे, आणि ते तसेच दिसते.

मात्र ते घर बांधणाऱ्या सुतारांनी आणि गवंड्यांनी हातचे काही राखले नाही. दर्शनी बाजूचा तो सज्जा तू पाहिला आहेस, पण बहुधा रस्त्याच्या गर्दीतून, मान वर करून, क्षणभरच. कधीतरी समोरच्या बाजूला निवांत उभा राहून पाहा. रस्त्यावर झुकलेला तो लाकडी सज्जा, त्याचे सुरूदार खांब, खांबांना जोडणाऱ्या महिरपी आणि त्यांच्यात उलटी लोंबणारी केळफुले! केळफूल आपल्याकडे वाड्यावाड्यांत आढळते, पण इथल्या केळफुलाची पाकळी जराशी उलगडलेली आहे, आतले दुसरे पाते दिसेल इतपतच. ज्याने कधी केळीच्या बागेत उभे राहून ते फूल निरखले नसेल, त्याला असे कोरता येणार नाही. या कारागिरांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते; वाडा बाजीरावाचा म्हणून ओळखला जातो, त्यांचा म्हणून नाही.

या वाड्याचा बाजीरावाशी संबंध किती काळ होता, ते तूच मोज. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्याच्या 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि पुढच्या जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालाना आठ लाख रुपयांच्या पेन्शनीवर त्याला कानपूरजवळ बिठूरला पाठवण्यात आले आणि 1851 मध्ये तो तिथेच वारला. पुण्यात तो पुन्हा आला नाही. म्हणजे वाड्यात त्याचे वास्तव्य फार तर दहा-अकरा वर्षांचे. त्यानंतर वाडा दोनशेहून अधिक वर्षे उभा आहे. या दोन आकड्यांतील फरक तुझ्या प्रश्नात हिशोबाला धरलेलाच नाही, असे मला वाटते.

मालक गेल्यावर रिकामा वाडा लवकर ढासळतो. लाकूड, विटा, चुना आणि माती यांच्या घराला रोजची देखभाल लागते: पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात, गळती दिसली की त्याच दिवशी थांबवावी लागते, वाळवी तुळईत शिरायच्या आधी तिचा माग काढावा लागतो. घरात माणसे असली तर हे होते, नसली तर होत नाही. विश्रामबागवाड्याचे नशीब असे, की त्याला फार काळ रिकामे राहावे लागले नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. ती प्रथा एकाएकी बंद केली तर पुण्यात असंतोष माजेल, हे मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ओळखले आणि दक्षिणेच्या रकमेतील काही भाग शिक्षणाकडे वळवायचे ठरले. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्या कारकिर्दीत, 6 ऑक्टोबर 1821 रोजी, याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय तिथे शिकवले जात. आरंभी तिथे ब्राह्मण मुलांनाच प्रवेश होता, हेही इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. जेथे काल नाचगाण्याची बैठक होत असे त्याच दिवाणखान्यात शास्त्रीबोवा मांडी घालून बसले आणि पाठ सुरू झाले. इंग्रजांनी हे लोकांना शांत ठेवण्यासाठी केले, यात शंका नाही. पण हेतू काहीही असो, वाड्याला नवे आयुष्य मिळाले ते शिक्षणामुळे.

या पाठशाळेची व्यवस्था पुढे बरीच वर्षे मेजर थॉमस कँडी यांच्याकडे होती. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे कँडी. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. या पत्रात मी ठिकठिकाणी स्वल्पविराम आणि अर्धविराम टाकतो आहे, त्यांचा एक धागा त्या वाड्यापर्यंत पोहोचतो, हे लिहिताना मला बरे वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 1848 मध्ये जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. ज्या शहरात सनातन्यांचा दबदबा होता त्या शहरात त्यांना आणि सावित्रीबाईंना काय सोसावे लागले, ते तुला सांगायला नको. 1849 च्या सुमारास काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेची रक्कम नुसती वाटून न टाकता त्यातून उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. त्यावरूनही शहरात मोठा क्षोभ झाला. ही सारी पार्श्वभूमी लक्षात ठेव, आणि मग हे वाच: 16 नोव्हेंबर 1852 रोजी, स्त्रियांच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणासाठी केलेल्या कार्याबद्दल सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला, मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी देण्यात आली, आणि हा समारंभ झाला तो विश्रामबागवाड्यात. पेशव्याच्या महालात, श्रावणातल्या दक्षिणेच्या पैशावर चालणाऱ्या पाठशाळेच्या जागेत, फुलमाळ्याच्या घरातला पंचवीस वर्षांचा तरुण शाल खांद्यावर घेऊन उभा राहिला. बाजीरावाला बिठूरला मरून जेमतेम दोन वर्षे होत आली होती. पुण्याच्या इतिहासात एकाच छताखाली इतका मोठा पालट घडलेले दुसरे ठिकाण मला माहीत नाही. तू वाड्याला बाजीरावाचा म्हणतोस, तेव्हा त्या दिवसाचे काय करायचे?

पुढचा शिक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1851 मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, 1864 मध्ये त्याचे नाव डेक्कन कॉलेज असे पडले, आणि 1868 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या नव्या इमारतीत ते गेले. टिळक आणि आगरकर शिकले ते तिथे. पण त्या कॉलेजची मुळे या वाड्यातली. कॉलेज गेल्यावरही वाड्यातील वर्ग थांबले नाहीत. सरकारी हायस्कूल तिथे बराच काळ चालू होते.

मग 1879 चा मे महिना आला. दुष्काळाने आधीच होरपळलेल्या त्या मुलखात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड पेटलेले होते, आणि अशा वेळी पुण्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्ही वास्तूंना आगी लागल्या. सरकारचा संशय इतका दूरवर पोहोचला, की न्यायमूर्ती रानडे यांची त्याच सुमारास धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्या टपालावरसुद्धा पाळत राहिली. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. जुन्या सागाच्या घराला आग लागते तेव्हा काय होते, ते मी एकदा आमच्याच पेठेत पाहिले आहे. आधी कडीपाट धुमसतो, वर घातलेली माती कोरडी होऊन खाली गळू लागते, आणि मग तुळई एका टोकाने सुटून अख्खा मजला घेऊन खाली येते. जवळ उभे राहवत नाही. त्यामुळे अर्धा वाडा वाचला, याचेच मला नवल वाटते.

आणि त्यानंतर जे झाले ते तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. जळालेला भाग पुन्हा बांधला गेला तो लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेने घातलेल्या पैशातून. पेशवाई जाऊन साठ वर्षे लोटली होती. बाजीरावाच्या नावाने वर्गणी गोळा व्हावी असा त्याचा लौकिकही नव्हता. तरी लोकांनी पैसे दिले, कारण तिथे शाळा होती आणि ती इमारत त्यांच्या रोजच्या वाटेवरची होती. लोकांचा पैसा या वाड्यावर का खर्च व्हावा, असे तू विचारतोस. तो आजच खर्च होतो आहे असे नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच पुणेकरांनी आपल्या पैशाने तो वाडा विकत घेतल्यासारखा आहे.

शनिवारवाड्याची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. 1828 च्या आगीत त्याचे महाल जळून गेले आणि ते कोणी पुन्हा उभारले नाहीत. तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती तेवढी राहिली. शुक्रवारवाडा तर त्याआधीच आगीत गेला होता. चारांपैकी छपरासह उभा राहिला तो हा एकच. याचे श्रेय मी केवळ दैवाला देत नाही. ज्या घराची रोज कोणाला तरी गरज असते, ते घर जळाले तरी पुन्हा उभे राहते.

1930 नंतर नगरपालिकेची कचेरी वाड्यात आली. 1950 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हाही कारभार इथूनच चालत होता. पुढे शिवाजीनगरच्या बाजूला नवी इमारत झाल्यावर कचेरी तिकडे गेली. माझी लहानपणाची आठवण याच काळातली. या काळाविषयी मला संमिश्र वाटते, आणि ते लपवत नाही. कचेरीने वाडा जागता ठेवला, पण त्याला जपले नाही. दिवाणखान्यांचे आडोसे घालून तुकडे केले गेले, कोरीव लाकडावर तैलरंगाचे थरावर थर चढले, चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा झाला. सिमेंटने भिंतीतली ओल आत कोंडते आणि लाकडाची टोके आतल्या आत कुजतात. हे आज आपल्याला कळते, तेव्हा त्याची फिकीर कोणी केली नाही. वापर वाड्याला वाचवतो तसा झिजवतोही. मी वापराच्या बाजूने बोलतो म्हणून ही दुसरी बाजू तुझ्यापासून दडवणे बरोबर होणार नाही.

कचेरी गेल्यावर वाड्यात टपाल कार्यालय राहिले, इतर काही खाती राहिली, आणि बराचसा भाग जीर्ण होत गेला. गेल्या काही दशकांत महापालिकेने टप्प्याटप्प्याने दुरुस्ती केली. दर्शनी भाग सुधारला, रंगाखाली दबलेली नक्षी मोकळी झाली, आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराचा इतिहास सांगणारे प्रदर्शन तिथे मांडले गेले. रंगाचा थर काढल्यावर आत सागाचा तो मधासारखा रंग पहिल्यांदा पाहिला, त्या दिवशी मी बराच वेळ तिथून हललो नाही.

तू म्हणशील, की मग जे व्हायला हवे ते झालेच आहे. तसे नाही. मला दोन गोष्टी खटकतात. पहिली ही, की वाडा पाहायला येणारा माणूस ‘दुसऱ्या बाजीरावाचे निवासस्थान’ एवढेच मनात घेऊन परत जातो. पाठशाळेचे वर्ग कुठे भरत, जोतीरावांचा सत्कार याच वास्तूत झाला, आगीत कोणती बाजू गेली आणि कोणाच्या पैशाने ती परत आली, नगरपालिकेच्या रांगा कुठे लागत, हे सारे त्या त्या जागी ठळक सांगितले गेले पाहिजे. दुसरी ही, की आता काही जण सुचवतात, वाड्यातली सगळी कामे हलवावीत, सगळे पेशवेकाळाप्रमाणे करावे आणि तिकीट लावून तो दाखवावा. हे मला पटत नाही. पेशवेकाळाप्रमाणे करायचे म्हणजे नंतरची दोनशे वर्षे पुसायची. शिवाय रोजची वर्दळ गेली, की पहिल्या पावसातली गळती पाहायला कोण असणार? भिडेवाड्याचे काय झाले ते तू जाणतोस. मुलींच्या शाळेची ती जागा वर्षानुवर्षे खटल्यात अडकून पडली, मोडकळीला आली, आणि शेवटी डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी जुना वाडा पाडावा लागला. स्मारक होईल आणि ते व्हायलाच हवे. पण ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली चढल्या तो जिना परत येणार नाही. विश्रामबागवाड्यात जोतीराव ज्या वास्तूत उभे राहिले ती वास्तू अजून आहे. म्हणूनच माझा जीव तिच्यासाठी तुटतो.

माझ्या मते तिथे वाचनालय असावे, शाळांच्या मुलांसाठी वर्ग भरावेत, टपाल कार्यालय असावे, चौकात व्याख्याने व्हावीत. लाकडाला सोसेल तेवढीच माणसे एका वेळी वर जातील अशी व्यवस्था असावी, आणि दुरुस्ती चुन्याचे व सागाचे काम जाणणाऱ्या हातांनीच व्हावी. यासाठी आम्ही काही जण मिळून महापालिकेला निवेदन देणार आहोत. त्याचा मसुदा मी केला आहे आणि तो तुझ्याकडे स्वतंत्र पाकिटाने पाठवतो. तुझा आक्षेप त्यात घालूनच मी मांडणी केली आहे. तो वाचून जिथे माझे म्हणणे लंगडे वाटेल तिथे पेन्सिलीने खूण कर.

दिवाळीनंतर तू पुण्याला येणार आहेस असे वहिनी फोनवर म्हणाल्या. एक सकाळ माझ्यासाठी राखून ठेव. आपण दुकाने उघडायच्या आधी तुळशीबागेकडून चालत जाऊ. वरचा दिवाणखाना खुला असेल तर तो खांब तुला दाखवीन. मागच्या वेळी मी गेलो होतो तेव्हा पान जागेवर होते. रंग निघाल्यामुळे शीर पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट लागते, फक्त तिथे पोहोचायला मला आता वाकावे लागते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. प्रकृतीची काळजी घे आणि पत्राचे उत्तर मसुद्यासोबत पाठव.

तुझा,
जुना मित्र